हिफ्ज, दहावी आणि दिवसाचे तास: कोकण किनाऱ्यावरील एका मदरशाच्या अभ्यासक्रमाचे प्रकरण

पार्श्वभूमी

सावित्री आणि वाशिष्ठी या दोन नद्यांच्या मुखांमधल्या किनाऱ्यावर, एका खाडीकाठच्या गावात हा मदरसा आहे. गावाचे, संस्थेचे आणि माणसांचे नाव येथे दिलेले नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाल्यावर संस्थेने नेमलेल्या अभ्यासक्रम समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून मी चार वर्षे होतो, तेव्हा पुढे सांगितलेल्या चुकांपैकी काही माझ्याही आहेत.

कोकणी मुसलमानांच्या गावांत दीनी शिक्षणाच्या दोन वेगळ्या वाटा असतात आणि बाहेरची माणसे त्या बहुधा एकच समजतात. पहिली वाट मकतबची. मशिदीला लागून, पहाटे किंवा संध्याकाळी तास-दीड तास, शाळेत जाणाऱ्याच मुलामुलींना तेथे कायदा (अरबी अक्षरओळखीची पुस्तिका), नाजरा (कुरआन पाहून वाचणे), नमाज आणि थोडी दीनियात, म्हणजे धर्माची प्राथमिक माहिती, शिकवतात. दुसरी वाट निवासी मदरशाची. तेथे मूल घर सोडून राहते आणि त्याचा दिवस कुरआन पाठ करण्यात, म्हणजे हिफ्जमध्ये, किंवा पुढे आलिमियतच्या, म्हणजे धर्मपंडित होण्याच्या, अभ्यासात जातो. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने हा फरक स्पष्ट केला होता आणि शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे ३ टक्केच मुले मदरशांत शिकतात असे नोंदवले होते. या प्रकरणातील मुलगे त्या ३ टक्क्यांतले. गावातल्या मुली मकतब उरकून जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत आणि तेथून हायस्कूलला जात होत्या. त्यांच्याकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले.

मदरशात तेव्हा सत्तरच्या आसपास मुलगे होते, वय ९ ते १६. निम्मे तालुक्यातले, बाकीचे बाहेरचे. खर्च गावची जमात, मुंबईतली मंडळी आणि आखातात नोकरीला असलेले गावकरी मिळून चालवीत. मोहतमिम, म्हणजे मदरशाचे प्रमुख, मौलाना स्थानिक आणि शाफई मजहबचे, म्हणजे इस्लामी आचारनियमांच्या त्या परंपरेचे. हिफ्जचे बहुतेक उस्ताद उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेले आणि हनफी या दुसऱ्या मजहबचे. दिवसाची मांडणी सर्वत्र असते तशीच होती. फजरनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजेनंतर, नवा सबक (पाठ) ऐकवायचा, न्याहारीनंतर सबकी म्हणजे गेल्या काही दिवसांत पाठ केलेला भाग, जोहरनंतर (दुपारची नमाज) मंजिल म्हणजे मागच्या पाऱ्यांची, कुरआनाच्या भागांची, उजळणी, आणि मगरिबनंतर (सूर्यास्ताची नमाज) उद्याच्या सबकाची तयारी. कुरआनाचे ३० पारे पंधरा ओळींच्या प्रतीत सुमारे सहाशे पानांचे होतात. रोज एक पान धरले तरी दोन वर्षे लागावीत. प्रत्यक्षात तीन ते चार लागतात, कारण नवे पाठ करण्यापेक्षा जुने टिकवणे अवघड असते. हे शेवटचे वाक्य उस्तादांनी पहिल्याच बैठकीत सांगितले होते. त्याचा अर्थ आम्हांला वर्षभराने कळला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मुले घरी गेली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले, मदरशाचे पत्रे उडाले, आवारातले माड आडवे झाले. छप्पर नव्याने घालायला वर्गणी मागितली तेव्हा आखातातून पैशांबरोबर एक प्रश्नही आला: इथून बाहेर पडलेली मुले पुढे काय करतात? तो विचारणारे बहुतेक जण याच मदरशात शिकलेले होते आणि त्यांच्या मनात एक सल होता. दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाचा पासपोर्ट ईसीआर प्रकारचा निघतो आणि आखाती देशांत नोकरीला जाताना त्याला स्थलांतराची वेगळी परवानगी काढावी लागते. ज्या गावात घरटी एक माणूस दुबई-कुवेतला आहे, तेथे ईसीआर हा शब्द पोराटोरांनाही ठाऊक असतो. पूर्ण कुरआन मुखोद्गत असलेला एक तरुण हाफिज या एका कारणावरून दोनदा अडला होता.

अडचण नेमकी कोणती

समितीच्या पहिल्या बैठकीत प्रत्येकाने अडचण वेगळी सांगितली, आणि ती एकच आहे असे धरून आम्ही पुढे गेलो. विश्वस्तांच्या मते मदरशात आधुनिक विषय नव्हते. पालकांना दहावीचे प्रमाणपत्र हवे होते. उस्तादांचे म्हणणे वेळेचे होते: आहे त्या तासांत हिफ्जच नीट होत नाही, त्यात आणखी काय घालणार. उर्दू शाळेचे मुख्याध्यापक तर समितीत नव्हतेच. चौथी झाली की गावातले चार-पाच मुलगे मदरशात जातात, शाळेचा पट घसरतो आणि संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकपदे ठरतात तेव्हा, शिक्षकाचे पद जाते, ही त्यांची काळजी आम्हांला चहाच्या टपरीवर कळली.

कायद्याची बाजू त्यामानाने सरळ होती. संविधानाच्या अनुच्छेद ३०(१) प्रमाणे अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा अधिकार आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था त्यातून वगळल्या गेल्या. संस्था वगळली गेली तरी मूल मात्र वगळले जात नाही, आणि गोंधळ येथेच होतो. जुलै २०१५ मध्ये राज्य शासनाने गणित, विज्ञान, समाजशास्त्र यांसारखे विषय न शिकवणाऱ्या मदरशांतील मुलांना शाळाबाह्य धरण्याची भूमिका घेतली तेव्हा बराच गदारोळ झाला होता, आणि त्या आठवणीमुळे सरकारी कागद म्हटला की विश्वस्तांच्या कपाळावर आठ्या चढत. मुलाचे वय १४ च्या आत आहे की पुढे, हा मुद्दा खरे तर सगळ्या आखणीचा कणा ठरायला हवा होता. पहिल्या वर्षी तो आमच्या टिपणात एका ओळीपुरता होता.

समोर असलेले पर्याय

मदरसा बंद करून अल्पसंख्याक दर्जाची स्वयंअर्थसहाय्यित शाळा काढावी आणि दीनियात हा जादा विषय ठेवावा, अशी सूचना मुंबईच्या मंडळींनी केली. खर्च, जागा, शिक्षकांचे पगार यांचा हिशेब मांडल्यावर ती आपोआप मागे पडली. शिवाय मान्यताप्राप्त संस्थेत धार्मिक शिक्षणाला पालकांची संमती लागते, असे अनुच्छेद २८(३) सांगतो, आणि हिफ्जला तेथे जेमतेम एक तासिका मिळाली असती.

राज्याची डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना २०१३ पासून आहे. धर्मादाय आयुक्तांकडे किंवा वक्फ मंडळाकडे नोंद असलेल्या मदरशाला विज्ञान, गणित, मराठी, इंग्रजी अशा विषयांच्या शिक्षकांसाठी मानधन मिळते. त्या वेळी ते डी.एड. शिक्षकाला महिना ६,००० आणि बी.एड. शिक्षकाला ८,००० रुपये होते. एवढ्या पैशांत खाडीपलीकडून रोज तरीने येणारा गणिताचा शिक्षक मिळेना, आणि विश्वस्तांना तपासणीचीही धास्ती होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही मानधने १६,००० आणि १८,००० करण्याचा निर्णय झाला. तो आधी झाला असता तर आमची चर्चा कदाचित वेगळ्या वळणाने गेली असती.

तिसरा पर्याय मुलांना दिवसा उर्दू शाळेत पाठवून हिफ्ज पहाटे आणि संध्याकाळी करण्याचा. केरळात मदरसा शाळेच्या वेळेआधी भरतो आणि मूल दोन्हीकडे जाते, हे सर्वांना माहीत होते. उस्तादांनी विरोध केला: पाठांतराचे वय ९ ते १२, तेच शाळेला दिले तर हिफ्ज पाच-सहा वर्षे लांबेल आणि अनेक मुले मध्येच सोडतील. हा आक्षेप खरा होता आणि पुढे तो खराच ठरला.

चौथा पर्याय दहावी बाहेरून देण्याचा. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरणे किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेकडे नाव नोंदवणे, अशा दोन वाटा त्यात होत्या.

यांपैकी एकही पूर्णपणे न निवडता आम्ही पाचवी वाट काढली. मदरशातच, मदरशाच्याच वेळेत, सगळे विषय धर्माशी जोडून शिकवणारा ‘एकत्रित अभ्यासक्रम’ करायचा.

पहिले वर्ष

कल्पनेमागे विचार होता हे मान्य केले पाहिजे. ज्ञानाचे दीनी आणि दुनियावी असे दोन तुकडे पाडणे मूळ परंपरेला धरून नाही, हे मौलानांनी समितीला अतिशय चांगल्या रीतीने समजावले. इमाम गजाली (मृत्यू ११११) हे शाफईच, म्हणजे कोकणच्या मुसलमानांच्याच मजहबचे. त्यांनी विद्यांची वाटणी केली ती फर्जे ऐन आणि फर्जे किफाया अशी: एक प्रत्येकावर बंधनकारक, दुसरी समाजातल्या काहींनी शिकली तरी पुरे, पण कुणीच शिकली नाही तर सगळे दोषी. वैद्यक आणि अंकगणित यांना त्यांनी दुसऱ्या प्रकारात घातले आहे. गावात डॉक्टर नसेल तर त्याचा जाब अख्ख्या जमातीला द्यावा लागेल, असे मौलाना म्हणाले तेव्हा विश्वस्तांमधले सर्वांत सनातनी गृहस्थही गप्प झाले.

पण तत्त्वाचा अभ्यासक्रम करताना आम्ही सोपा रस्ता धरला. विज्ञानाच्या प्रत्येक पाठाला एक आयत जोडायची, असे ठरले. पाण्याच्या पाठाला आयती सहज मिळाल्या, चंद्रसूर्यांनाही. चुंबकाच्या पाठाशी शिक्षक अडले. लोखंडाच्या नावाची सूरा आहे, तिच्यातली आयत त्यांनी घातली, आणि मौलानांनी ती कापली. कुरआन हे विज्ञानाचे गाईड आहे काय, असा त्यांचा प्रश्न होता. उद्या पुस्तकातला सिद्धांत बदलला तर मुलाने काय समजायचे? दुसरीकडे शिक्षकांची तक्रार अशी की चाळीस मिनिटांच्या तासिकेतली पंधरा मिनिटे जोडणीत जातात आणि लोहचुंबक प्रत्यक्ष हातात द्यायला वेळ उरत नाही. आम्ही सहावी-सातवीसाठी छापून घेतलेली पुस्तिका दोघांनाही नको होती. तिच्या शिल्लक प्रती अजून कपाटात आहेत.

खरा फटका वेगळीकडे बसला. नव्या वेळापत्रकात हिफ्जचे तास फारसे कमी केले नव्हते. त्यांच्यावर साडेतीन तासांचे विषय चढवले होते. फजरपासून इशापर्यंत, म्हणजे रात्रीच्या नमाजेपर्यंत, बेरीज केली तर मूल दिवसाला साडेअकरा तास बसलेले होते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन धरले आहे, म्हणजे दिवसाला साडेचार तासांच्या आसपास. नोकरीत असताना दुसऱ्यांच्या शाळांत हा आकडा मी तपासत असे. येथे समितीत बसून त्याच्या अडीचपट तासांवर मी सही केली होती.

दिवाळीच्या सुमारास उस्तादांनी आपापल्या वह्या समोर ठेवल्या. प्रत्येक मुलाच्या मंजिलमध्ये किती चुका होतात याची रोजची नोंद ते पूर्वीपासून ठेवीत. नवा सबक नेहमीच्या गतीने चालू होता, पण आठ-दहा पारे झालेल्या मुलांचे पहिले चार पारे सैल होऊ लागले होते. गणितातही प्रगती नव्हती. ही वही आमच्याकडची सर्वांत विश्वासार्ह मोजणी होती आणि समितीतल्या कुणीही ती आधी मागितली नव्हती. फेब्रुवारी २०२२ मध्ये एकत्रित अभ्यासक्रम थांबवला.

दुसरी मांडणी

दुसऱ्या खेपेला प्रश्न उलटा मांडला: कोणत्या वयात मुलाकडे किती तास आहेत? त्यातून १४ वर्षांची रेघ पुढे आली. तिच्याआधी शाळेत असणे हा मुलाचा हक्क आहे आणि मुक्त विद्यालयाच्या दहावीला बसायलाही किमान १४ वर्षे पूर्ण लागतात. दोन्ही नियम एकाच जागी येऊन मिळतात.

गावची उर्दू शाळा आठवीपर्यंतची आहे. १४ च्या आतल्या प्रत्येक मुलाचे नाव तेथे घालायचे आणि त्याने दिवसभर प्रत्यक्ष तेथे बसायचे, असे ठरले. मदरशात पहाटे दोन तास आणि मगरिबनंतर एक तास एवढेच हिफ्ज. रोज एका पानाऐवजी अर्धे पान, आणि उजळणीचा वाटा नव्या सबकापेक्षा जास्त. आठवीनंतर साधारण दीड वर्ष पूर्ण वेळ हिफ्ज, आणि त्याच काळात दुपारचे तीन तास दहावीचे विषय.

मुख्याध्यापक आता समितीत आले आणि त्यांनी एक अट घातली, जी मला आजही या प्रकरणातली सर्वांत शहाणी वाटते. शाळेत दीनियात येणार नाही. एक तासिकाही नाही. सर्वस्वी शासनाच्या पैशांवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हा अनुच्छेद २८(१) चा नियम तर झालाच, पण शाळेची आणि मदरशाची जबाबदारी वेगळी राहिली तरच दोघांना एकमेकांवर विश्वास ठेवता येईल, असे ते म्हणाले. मौलानांनी लगेच मान्य केले. काही विश्वस्त नाराज झाले. त्यांना शाळेतही आपले काही असावे असे वाटत होते.

बाहेरून दहावी देण्यासाठी मुक्त विद्यालय निवडले, कारण तेथे एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी दोन सत्रे असतात आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. माध्यम उर्दू ठेवले. दुसरी भाषा म्हणून मराठी घ्यावी असा आग्रह मी धरला. ही मुले घरी कोकणी बोलतात, मदरशात उर्दू ऐकतात, आणि तलाठी कार्यालयात अर्ज लिहिताना अडतात. अरबी हा विषयही घेता येतो हे कळल्यावर सगळ्यांना आनंद झाला: मुलांना अरबी येतेच, एक विषय सुटला!

तो अंदाज साफ चुकला. हिफ्ज झालेले मूल शेकडो पाने अचूक तजवीदसह, म्हणजे उच्चाराचे नियम पाळून, म्हणते, पण त्यातल्या एका साध्या वाक्यातले क्रियापद कोणते हे त्याला सांगता येत नाही, कारण सर्फ-नह्व हे व्याकरण आलिमियतच्या अभ्यासात येते. पहिल्या सराव परीक्षेत सर्वांत कमी गुण अरबीत पडले. मौलाना त्या दिवशी बराच वेळ उत्तरपत्रिका चाळत बसले होते. नंतर त्यांनी स्वतः आठवड्यातून तीन दिवस व्याकरण शिकवायला घेतले.

दोघांची तासिका

दोन्ही ज्ञानांची सांगड घालण्याचा मुद्दा सोडला नव्हता. त्याचा आकार लहान केला होता. दर गुरुवारी दुपारी एकच तासिका, दोन शिक्षक समोर, आणि विषय असा की जो दोघांपैकी एकट्याला पुरा करता येत नाही.

पहिला विषय असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेच्या, वेळेचा घेतला, कारण तो मदरशात रोजच धुमसत असे. शाफई मतानुसार वस्तूची सावली, माध्यान्हीची सावली वगळून, वस्तूएवढी झाली की असर सुरू होते; हनफी मतानुसार दुप्पट झाल्यावर. उस्ताद हनफी, गाव शाफई. मुलांनी आवारात एक मीटरची काठी रोवून दर पंधरा मिनिटांनी सावली मोजली, आलेख काढला, आणि दोन्ही वेळा त्यावर दाखवल्या. कोण बरोबर हा प्रश्न तेथे नव्हताच. दोन्ही मते एकाच सावलीवर उभी आहेत हे दिसले. किब्ल्याची, म्हणजे नमाजेत तोंड करायची मक्केची, दिशा काढताना हेच झाले. आपल्या किनाऱ्यावरून ती नेमकी पश्चिम नसून तेथून सुमारे १२ अंश उत्तरेकडे झुकलेली आहे, हे मुलांनी गोलकावर दोरा ताणून पाहिले.

चांद आणि भरती यांचा तास सर्वांत रंगला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. शिक्षकांनी तो हिजरी तारखेला लावला आणि उत्तर जुळेना. मच्छीमाराच्या घरातला एक मुलगा उठून म्हणाला, “सर, चांद दिसतो तेव्हा तिथी बीज असते. एक मिळवा.” हिजरी तारीख तिथीच्या बहुधा एक दिवस मागे असते, हे त्याला आजोबांकडून माहीत होते. मग चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा का उगवतो, पाऊणपटीत पंचेचाळीसच का धरली आहेत, पंधरा दिवसांत चूक किती साचते, उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांचा चंद्राच्या कलांशी संबंध काय, असे करत तो विषय तीन गुरुवार चालला.

सातबाऱ्याचा प्रश्न

चौथा विषय फराइजचा, म्हणजे वारसाहक्काचा. अपूर्णांक आणि लसावि शिकवायला याहून चांगले उदाहरण मला माझ्या नोकरीत सापडले नव्हते. एक माणूस पत्नी, आई, दोन मुलगे आणि एक मुलगी ठेवून वारला. पत्नीला १/८, आईला १/६, उरलेल्यात मुलाला दोन वाटे तर मुलीला एक. छेद सारखा केला तर एकूण १२० हिस्से होतात: पत्नीला १५, आईला २०, प्रत्येक मुलाला ३४, मुलीला १७. मुलांनी बेरीज करून पाहिली, १२० भरली.

मग शिक्षकांनी फळ्यावर सातबाऱ्याचा नमुना काढला आणि खातेदारांची नावे कशी चढतात ते सांगितले. पुढच्या गुरुवारी दोन मुलांनी आपापल्या घरचे उतारे आणले. एकाने विचारले, “आमच्या सातबाऱ्यावर फुफीचं (आत्याचं) नाव का नाही? तिचे सतरा कुठे गेले?”

कोकणात हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या घेण्याची रीत कोणत्याही एका धर्माची नाही. सामाईक आंब्याची कलमे, पडीक वरकस, मुंबईला गेलेले भाऊ आणि सासरी गेलेल्या बहिणी, हे चित्र सगळ्या वाड्यांत सारखे आहे. आठवडाभरात एक विश्वस्त समितीत आले आणि हा विषय वगळावा, घराघरांत कलह नको, असे त्यांनी सौम्य शब्दांत सुचवले. मी स्वतः तडजोडीच्या बाजूने होतो. उतारे आणू नयेत, काल्पनिक उदाहरणेच द्यावीत, असे मी म्हटले. मौलानांनी दोघांचेही ऐकले नाही. “फराइज शिकवू नका म्हणायचा अधिकार ना तुम्हांला आहे, ना मला,” ते म्हणाले. “मुलगा हिशेब विचारतोय. हिशेब चुकला असेल तर दाखवा.”

तास चालू राहिला. घरचे उतारे आणणे मात्र बंद केले, कारण त्यांत इतरांची खासगी माहिती असते. एवढा माझा मुद्दा राहिला. या निर्णयाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. पहिल्या वर्षी आम्ही आयती जोडत होतो तेव्हा कुणालाही अडचण झाली नव्हती, कारण त्या जोडणीने कुणाच्या घरातले काहीच हलत नव्हते.

परीक्षा आणि रमजान

मदरशाचे वर्ष शव्वालपासून (रमजाननंतरचा महिना) शाबानपर्यंत (रमजानआधीचा महिना), शाळेचे जूनपासून एप्रिलपर्यंत, आणि हिजरी वर्ष दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकणारे. ही तिढ्याची गाठ कागदावर सुटत नाही. हाफिज मुलाला रमजानमध्ये तरावीह, म्हणजे रात्रीची विशेष नमाज, पढवायला आजूबाजूच्या गावांतून बोलावणे येते. त्यात मान असतो, थोडी मदतही होते, आणि महिनाभर रोज एक पारा उभ्याने म्हणायचा असल्यामुळे हिफ्ज पक्के होते. २०२४ मध्ये राज्य मंडळाची दहावी १ मार्चला सुरू झाली आणि रमजान १२ मार्चला. सतरा नंबरचा फॉर्म भरला असता तर प्रत्येक मुलाला दोहोंतले एक सोडावे लागले असते. मुक्त विद्यालयाचे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे सत्र आमच्या कामी आले. परीक्षेआधीचे दोन महिने नवा सबक पूर्ण थांबवून फक्त मंजिल ठेवायची, हा निर्णय उस्तादांनी आपणहून सुचवला.

परिणाम

पहिल्या तुकडीत अकरा मुले होती, सगळी चौथीनंतर शाळा सोडलेली. २०२३ च्या हिवाळी सत्रात सहा जण पाचही विषयांत उत्तीर्ण झाले. चौघांचे गणित किंवा विज्ञान राहिले, ते पुढच्या संधींत निघाले. एक मुलगा मध्येच वडिलांच्या होडीवर गेला. उर्दू शाळेचा पट सावरला आणि मुख्याध्यापकांची एक काळजी मिटली.

दुसरी बाजूही तितकीच खरी. बाहेरगावच्या निम्म्याहून अधिक पालकांनी मुले काढून घेतली. त्यांना तीन वर्षांत हाफिज हवा होता आणि तसे करणारे मदरसे इतरत्र आहेत. एक अनुभवी उस्ताद सोडून गेले. सलग दोन वर्षे एकाही मुलाचे हिफ्ज पूर्ण झाले नाही, त्यामुळे वार्षिक जलशात दस्तारबंदी, म्हणजे नव्या हाफिजांना पगडी बांधण्याचा समारंभ, झालीच नाही. मंडप होता, पाहुणे होते, आणि पगडी बांधायला डोके नव्हते. आखातातल्या ज्या देणगीदारांनी दहावीचा आग्रह धरला होता, त्यांतल्याच काहींनी फोन करून विचारले की मदरसा आता मदरसा राहिला आहे का. तिसऱ्या वर्षी दोघांची दस्तारबंदी झाली. दोघेही आठवी उत्तीर्ण होते.

वेगळे काय करता आले असते

उस्तादांची मंजिलची वही पहिल्या दिवशी उघडायला हवी होती. आम्ही अभ्यासक्रम म्हणजे विषयांची यादी धरली. त्यांच्यासाठी अभ्यासक्रम म्हणजे मुलाच्या स्मरणाची रोजची शिल्लक होती, आणि ती मोजण्याची रीत त्यांच्याकडे तयार होती.

मुख्याध्यापक एक वर्ष उशिरा आले, ही चूक सरळ माझी. निवृत्त केंद्रप्रमुख समितीत असताना शाळेचे मत वेगळे घ्यायची गरज नाही असे सर्वांनी धरले, आणि मीही धरू दिले.

बाहेरगावच्या पालकांना बदल आधी सांगायला हवा होता. त्यांच्या मुलांना वर्षाच्या मध्यावर दुसरा मदरसा शोधावा लागला, आणि त्यांतली किती मुले आज शाळेत आहेत याची नोंद संस्थेकडे नाही.

आणि मुली. पहाटे मकतब, दिवसा शाळा, संध्याकाळी उजळणी, ही जी मांडणी आम्ही दोन वर्षे चुकत-माकत शोधली, ती गावातल्या मुली आमच्या डोळ्यांसमोर रोज जगत होत्या. त्यांच्यापैकी काहींचे पाच-सहा पारे सहज पाठ होते आणि दहावीही झाली होती. त्यांच्या आयांना समितीत बोलावले असते तर किती तास कशाला, मूल केव्हा थकते, हे त्यांनी एका बैठकीत सांगितले असते. आता एका माजी शिक्षिकेला समितीवर घेतले आहे. मुलींसाठी संध्याकाळचा हिफ्ज वर्ग सुरू करण्याचा तिचा प्रस्ताव जागेअभावी अडला आहे. वादळानंतर घातलेल्या छपराखालची मोठी खोली तिला हवी आहे आणि विश्वस्त ती पाहुण्यांसाठी राखून आहेत.

गेल्या बैठकीत पुढच्या दहा वर्षांचे वेळापत्रक आखायला घेतले. रमजान मार्चमधून मागे सरकत जाईल, २०३० साली एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेरीस असा दोनदा येईल, आणि त्यानंतर काही वर्षांत ज्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सत्रावर ही सगळी मांडणी उभी आहे त्याच्यावरच येऊन ठेपेल. त्या वर्षांचा रकाना सध्या कोरा ठेवला आहे.